धाकट्याचा आवाज

"मॅडम, मी कॉम्प्युटर सुरक्षा विभागातून बोलतोय," फोनमधून आवाज आला आणि तिच्या चिमट्यातला सुळा वाकडा बसला. मेण ऊन होतं तोवरच तो सरळ करायला हवा होता. पण तिने चिमटा तसाच हवेत धरला, प्लास्टरच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनकडे बघितलं आणि मनात म्हणाली, आलास. आलास एकदाचा, गाढवा. समोर कुणा म्हाताऱ्याची अर्धी कवळी जबडा वासून बसलेली, दवाखान्याचा माणूस ती न्यायला कुठल्याही क्षणी टपकणार, आणि याला नेमका हाच मुहूर्त सापडला होता. "बोला ना," ती म्हणाली. आवाजात जमेल तेवढा भोळेपणा कालवून म्हणाली.

धाकटा भाऊ मोटार चालवायला शिकवायचा. शिकणारा चाकावर आणि हा शेजारी, पायाखाली आपला एक वेगळा ब्रेक घेऊन. दिवसभर परक्यांच्या हाती जीव देऊन बसायचं, त्यामुळे मधल्या वेळात कुणाचा तरी जीव खाल्ल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. आणि खायला सगळ्यात सोयीची थोरली बहीण. शिकाऊ लोकांचे फोन मागून घ्यायचा, म्हणजे नंबर ओळखीचा दिसायला नको, आणि कधी गॅसवाला, कधी पाणीखात्याचा साहेब, कधी अतिवृद्ध दंतवैद्य होऊन तिला फोन लावायचा. एकदा आरोग्य खात्याचा अधिकारी झाला आणि तिला घरातले डास मोजायला लावले. नर वेगळे, माद्या वेगळ्या. ती अख्खी दुपार काच आणि कागद घेऊन भिंतींवरून हिंडली होती आणि शेवटी आकडा सांगायला लागली तेव्हा पलीकडून आधी नाकातून एक फुस्स आलं आणि मग ते हसू. आई तेव्हा हयात होती. आई तर हसून हसून पलंगावर आडवी झाली होती. "अगं, तू माद्या ओळखल्यास कशा?" असं मेली पुढे कितीतरी दिवस विचारत राहिली. म्हणजे डास मोजले हिने आणि कौतुक त्याचं. या घरात हिशेब नेहमी असाच लागत आला होता.

"तुमच्या कॉम्प्युटरमधून आमच्याकडे धोक्याचे इशारे येतायत मॅडम. व्हायरस शिरलाय. तुम्ही आत्ता कॉम्प्युटरसमोर आहात का?"

"अगंबाई," ती म्हणाली. "शिरला? केव्हा शिरला? मी तर दार लावून घेतलं होतं."

पलीकडे मागे बऱ्याच माणसांच्या बोलण्याची गुणगुण ऐकू येत होती. वा. या वेळी मागच्या आवाजांची सोयसुद्धा केलीय. एवढी मेहनत आयुष्यात दुसऱ्या कशात घेतली असती तर. त्याने बजावलंच होतं तिला. मध्ये आला होता एकदा, तिच्या कामाच्या स्टुलावर बसून स्वतःभोवती गरगर फिरत त्याने तिला तासभर प्रवचन झोडलं होतं. त्याला असल्या भामट्यांचे फोन आले की सण झाल्यासारखं व्हायचं. एकाला म्हणे त्याने कपडे धुण्याच्या मशीनची बटणं सांगत सांगत झुलवलं होतं. त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाटत होतं की हा कॉम्प्युटरच चालू करतोय, मग एकदम पाणी सुटल्याचा आवाज आला. "पण तू असलं काही करू नकोस ताई," तो म्हणाला होता. "हे माझ्यासारख्या नालायकांचं काम. तुझ्यासारखीने फक्त फोन आपटायचा. कुठलीही कंपनी आपणहून फोन करून सांगत नाही की तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय. तुझा फ्रीज बंद पडला तेव्हा कंपनीवाला आपणहून आला होता? बोलावून आला नाही मेला! तर हा न बोलावता येतो तो कशाला? तो सांगेल ते काहीही कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं नाही. फोनवर आलेला नंबर द्यायचा नाही, तुझ्या सख्ख्या भावाने मागितला तरी. आणि चुकून काही घोळ झालाच, तर आधी वायर उपट, मग बँकेच्या कार्डामागे छापलेला नंबर लाव. त्याने दिलेला नव्हे. कार्डामागचा." ती मान डोलवत होती आणि हातातला जबडा घासत होती. "ऐकतेयस का? मी परीक्षा घेणार आहे तुझी. न सांगता. नापास झालीस तर बघ."

आता कुणी म्हणेल, मग आपटायचा फोन आणि व्हायचं पास. पण पास व्हायचंच तर तिला नव्हतं ना. पास झालं की तो शाबासकी देणार, वर चार दिवस तेच सांगत सुटणार, की बघा, ताईला मी तयार केली. नको. तिला त्याला त्याच्याच खेळात लोळवायचं होतं. एकदा तरी. असा वैताग आणायचा की त्यानेच शेवटी आवाज सोडून ओरडावं, ताई, बस कर.

"बसले कॉम्प्युटरसमोर," ती म्हणाली. खरोखरच बसली होती. हाताचं मेण पुसलंसुद्धा नव्हतं. हल्ली दवाखाने जबड्याचे साचे पाठवायचे बंद झाले होते, सगळं कॉम्प्युटरवर यायचं, म्हणून कामाच्या टेबलाशेजारी हे धूड आणून ठेवलं होतं.

"खाली डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय मॅडम?"

"धूळ."

"स्क्रीनवर, मॅडम."

"स्क्रीनवरच आहे. पुसू का?"

"नको मॅडम. तिथे एक चिन्ह आहे, त्यावर क्लिक करा."

"डाव्या हाताने करू का उजव्या?"

"कुठल्याही हाताने करा, मॅडम." काय तो धीर. कुठे शिकला हा एवढा धीर? तीन वाक्यांच्या वर तो कधी टिकायचा नाही, आधी नाकातून फुस्स व्हायचं. ती त्या फुस्सची वाट बघत होती. तिने कचऱ्याच्या डब्यावर क्लिक केल्याचं त्याला सांगितलं, आवाज वाढवायच्या बटणाला वर्णमाला म्हटलं, मधेच "थांबा हं, दूध उतू जातंय" म्हणून नुसतीच गप्प बसून राहिली. हा आपला "हो मॅडम", "काही हरकत नाही मॅडम", "सावकाश". त्याने तिला कुठलीशी यादी उघडायला लावली, तिच्यात लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण नुसते बुजबुजले होते. हे सगळे बिघाड आहेत म्हणाला. क्षणभर तिला ते खरंच वाटलं, मग स्वतःचाच राग आला. या त्रिकोणांचंही त्याने सांगितलं होतं की. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरमध्ये असतात, प्रत्येकाच्या दातांवर डाग असतात तसे. पण मग हा हसत का नाहीये? सराव केलाय. आरशासमोर उभं राहून केला असेल. मला उल्लू बनवायला आरशासमोर उभा राहतो, आणि मी आईचं दुकान विकायच्या कागदांवर सही करायला बोलावलं तर त्याला वेळ नसतो.

"आता मी सांगतो ते एक छोटं ॲप उतरवून घ्या, म्हणजे मला इथून तुमची दुरुस्ती करता येईल."

इथे ती थांबली. थांबली हे खरं. बोट माऊसवर होतं आणि बोटाला मेणाची पापुद्री चिकटली होती, ती तिने अंगठ्याने सोलून काढली. मग तिला एक भन्नाट कल्पना सुचली. हा आत आला म्हणजे याला माझी स्क्रीन दिसणार. दिसली की पाटीएवढ्या अक्षरात लिहायचं, गाढवा, मी पहिल्या वाक्याला ओळखलं. त्याच्या तोंडाला फेस येईल. तिने ॲप उतरवलं. आलेला आकडा वाचून दाखवला. आणि बाण हलला.

तिचा हात मांडीवर होता आणि स्क्रीनवरचा बाण आपला आपण चालत होता. सरळ नाही, किंचित थांबत, वळत, जसं कुणी अंधारात दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू न पाडता जातं तसं. पाटी लिहायची राहूनच गेली. आईच्या हाताची आठवण का यावी तिला? आई शेवटी शेवटी पांघरुणावरून असाच हात फिरवायची. काही शोधतेयस का म्हटलं तर नाही म्हणायची आणि फिरवतच राहायची.

"झालं मॅडम. तुमच्याकडून आम्ही मागच्या वर्षी जास्तीचे पैसे घेतले होते, ते परत करायचेत. तुमच्या बँकेचं पान उघडतो. तुम्ही फक्त आत जा."

बाणाने बँकेचं पान उघडलं. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख पडलं, की अच्छा. म्हणजे हे असं आहे तर. परीक्षाबिरीक्षा सब झूठ. आईचं लोकरीचं दुकान विकून आलेले पैसे त्या खात्यात दोघांच्या नावावर पडून होते. तिने एकदाच विषय काढला होता, की कवळीचे दात आपोआप घडवणारं मशीन घ्यायला हवं, आता हाताने मेणात दात लावून घेणारे दवाखाने उरले किती, वर्षभरात काम बंद पडेल माझं. तो म्हणाला होता, घे की ताई, आणि लगेच कुणाचा तरी आवाज काढून विषय बदलला होता. आणि आता बघायला आलाय. ताईने पैशांवर डल्ला मारला का, ते चोरून बघायला आलाय, तेही साहेब होऊन. तिचे कान तापले. आयुष्यभर त्याच्या थट्टा पोटात घातल्या, त्याचं काही नाही. पण हा संशय?

"जाते ना आत," ती म्हणाली आणि पासवर्ड असा बडवला की टेबलावरचा जबडा हलला. "हे घे. बघ. नीट बघ. हललाय का एक पैसा? सरळ विचारायला काय तुझे दात पडले होते?"

स्क्रीन काळी झाली.

"बोल ना आता. का ऐकून घ्यायची सवय नाही? मग आज ऐक. आई तीन दिवस तुझं नाव काढत होती. तू फोन करत होतास. हॉस्पिटलचा खानसामा होऊन फोन केलास, सूप कसं करू म्हणून विचारायला. लोकरीचा व्यापारी होऊन केलास. हसली ती. तोंडावरच्या मास्कला आतून वाफ धरायची एवढी हसली. मी नाही म्हणत नाही. पण तू आला नाहीस. शेवटच्या दिवशी डोळे मिटलेले होते तिचे आणि म्हणाली, आला ना गं तो? मी म्हटलं, आला. बसलाय तुझ्या बाजूला. तर तिने त्या बाजूला हात पुढे केला. तिथे कुणी नव्हतं रे. मी उठले, पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले आणि माझाच हात तुझा म्हणून तिच्या हातात दिला. माझा हात. या बोटांना मेणाचे चटके आहेत, घट्टे आहेत. आईला कळलं नसेल? काही बोलली नाही ती. नुसती धरून बसली. मला अजून कळत नाही, तिने तुझा हात धरला होता की माझा. एवढी वर्षं मी हे…"

तिने मनगटाने नाक पुसलं. तो मधे एक अक्षर बोलला नव्हता.

"हो मॅडम, समजलं मला," आवाज म्हणाला. "आता तुमच्या फोनवर एक नंबर आला असेल. तेवढा वाचून दाखवा."

खरोखरच फोन थरथरला होता. तिने मेसेज बघितला. नवीन खात्यात पैसे पाठवण्यासाठी हा नंबर, कुणालाही सांगू नका. तिने तो दोनदा वाचला, आणि वाचता वाचता खोलीतली प्रत्येक वस्तू तिला फार स्पष्ट दिसायला लागली, चिमटा, मेण वितळवायचा विझत आलेला स्पिरिटचा दिवा, काळी स्क्रीन, कवळीतला तो वाकडा सुळा. हा तो नाही. हा कुणी भलताच आहे. धाकटा कितीही नालायक असला तरी हे ऐकल्यावर "समजलं मला" म्हणणारा नव्हता. त्याने मधेच तोडलं असतं, ओरडला असता, फोन आपटून पळाला असता. हा ऐकत बसला, कारण त्याचे हात त्या काळ्या स्क्रीनमागे तिच्या खात्यात कामात होते.

"मॅडम? नंबर?"

ती टेबलाखाली घुसली. वायर उपटली, मग दुसरी उपटली, मग इंटरनेटच्या डबड्याची उपटली आणि घाईत टेबलावरच्या बल्बचीही उपटली. वर आली तेव्हा तोच गोड आवाज खातं गोठवणं, पोलीस, कारवाई असलं बरंच काही बोलत होता. मग "नंबर दे म्हातारे" म्हणाला.

"ऐक रे," ती म्हणाली. "दात घशात घालीन तुझे. आणि परत बाहेर काढून, घासून, मापात बसवून पुन्हा घालीन. माझा धंदाच आहे तो." आणि फोन बंद केला. मग कार्डामागचा नंबर लावला, तो तीनदा चुकला.

बँकेत एका बाईने उचललं. चांगली होती. नंबर दिला नाहीत ना, मग पैसे हलले नाहीत म्हणाली. खातं तिथल्या तिथे गोठवलं, पासवर्ड बदलायला सांगितला, तोही दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवरून. तुमचा आधी माहीतगाराकडून साफ करून घ्या म्हणाली. तिला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मग बाई म्हणाली, "खातं दोघांचं आहे, तेव्हा दुसऱ्या खातेदारालाही आम्ही आत्ता फोन करून खात्री करून घेतो. लाईनवर थांबा."

"नको!" ती किंचाळली. "अहो बाई, त्याला नका करू! मी करते! तो भलताच…" पण तोवर संगीत सुरू झालं होतं. ती ते संगीत ऐकत भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला पुढचं सगळं लख्ख दिसत होतं. अनोळखी नंबर. बँकेतून बोलतेय म्हणणारी बाई. धाकट्याचा चेहरा कसा उजळला असेल. शिकणाऱ्याला म्हणाला असेल, गाडी बाजूला घे, जरा मजा दाखवतो.

संगीत थांबलं. बाईचा आवाज बदलला होता. "मॅडम, तिकडे एक वयस्कर गृहस्थ होते. ते म्हणाले, खातेदार वारले."

"वारले?"

"आणि आपण त्यांचं भूत बोलतोय म्हणाले. वर विचारलं, भुतांना व्याज कमी मिळतं का." बाईने श्वास घेतला. "मॅडम, मला हे नोंदवावं लागलं. मृत्यूची नोंद झाली की ती फोनवरून काढता येत नाही. आता ते जिवंत आहेत हे दाखवायला त्यांना स्वतः शाखेत यावं लागेल. ओळखपत्र घेऊन. तुम्हीही हजर पाहिजेत. तोपर्यंत खातं बंद."

तिने धाकट्याला फोन लावला तेव्हा तो अजून हसत होता. "ताई, काय सांगू, आत्ता एक बाई…"

"ती खरी होती," ती म्हणाली.

त्याला पटायला वेळ लागला. आधी वाटलं ताईच उलटी थट्टा करतेय. वा, म्हणाला, शिकलीस की. मग तिने सगळं सांगितलं, एक सोडून सगळं, आणि तो आधी हादरला, मग शिव्या दिल्या, भामट्यांना, बँकेला, स्वतःला, आणि मग त्याची गाडी रुळावर आली आणि तो भुताच्या आवाजात म्हणाला, येतो उद्या देह धारण करून. तिने दातओठ खाऊन फोन ठेवला. अर्धी कवळी गार पडली होती. सुळा मेणासकट उपटून पुन्हा बसवावा लागला. बसवताना तिला राहून राहून चीड येत होती, आणि ती पैशांची नव्हती. पैसे जागच्या जागी होते. एवढी वर्षं दाबून धरलेली गोष्ट, कुणाला म्हणून सांगितली नाही, आणि सांगितली ती कुणाला? मागे शंभर माणसं गुणगुणतायत अशा कुठल्याशा खोलीत बसलेल्या चोराला. आणि त्याने "हो मॅडम" म्हणून खिशात घातली. ती परत कशी मागायची? कुठल्या कार्डामागच्या नंबरवर?

दुसऱ्या दिवशी धाकटा बँकेत आला. स्वतः, सगळाच्या सगळा. फोनवर इतकं काय काय व्हायचा की समोर बघून तिला तो नेहमी थोडा कमी वाटायचा, पोट सुटलेलं, कानावर पांढरे केस. हातात ओळखपत्र. तिच्याशेजारी बाकावर बसला आणि खिडकीतल्या कारकुनाकडे बघत कुजबुजला, "नाडी बघणार का गं? का आरसा धरतील नाकाशी?" समोर रांग होती. त्याने अजून दोन विनोद केले. तिसरा सुचेना तेव्हा जरा वेळ पायांनी फरशी दाबत बसला, तिथेही आपला ब्रेक असल्यासारखा.

"पण खरं सांग ताई," तो म्हणाला. "तुला तो मीच वाटलो? इतका वेळ?"

"हो."

"मग कळलं कधी, की मी नाही?"

ती त्याच्याकडे वळली. "मी बोलत होते आणि तो मधे न बोलता ऐकत राहिला ना. तेव्हा."

धाकट्याने हसायला तोंड उघडलं, पण नाकातून काही आलं नाही. "काय बोलत होतीस?"

"आईचं. तुझं."

"माझं काय?"

तिने कारकुनाकडे बघितलं, रांगेकडे बघितलं, स्वतःच्या बोटांकडे बघितलं. पुन्हा सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागणार होतं. "आई शेवटच्या दिवशी विचारत होती," ती म्हणाली, "आला ना गं तो, म्हणून. आणि तिथे तू…"

"अगं ताई, मी त्या वेळी…"

तिने हात वर केला. त्याने तोंड मिटलं.

"पुढचे कोण?" खिडकीतून कारकून ओरडला. "ते मयत खातेदार आले का?"

तिने मागच्या माणसाला हाताने खूण केली. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "आम्हाला वेळ लागेल."